खांदेपालट

देवाने माणसाला दोन खांदे दिलेले आहेत हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत नीटसं ठाऊक नव्हतं. म्हणजे शर्ट अडकवायला तिथं काहीतरी सोय आहे, एवढी कल्पना होती. बोलण्यात खांदा पुष्कळ येतो. आपण खांद्याला खांदा लावून लढतो, जबाबदारी खांद्यावर घेतो, जमलं तर ती दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो, आणि मंत्रिमंडळातला खांदेपालट तर वरचेवर चहाबरोबर वाचतो. पण हा अवयव मुळात जागेवर आहे म्हणून या सगळ्या गमती चालल्या आहेत, हे तो जागेवरून हलेपर्यंत कळत नाही. माझा हलला. उजवा. गोपाळकाल्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला, दादरच्या आमच्या राहत्या घरात.

दिवस ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे हंडी, थर आणि ढोलताशे उभे राहिले असतील. त्या दिवशी जो भेटला त्याचा हाच समज झाला आणि मी तो कुणाचाही मोडला नाही. तुमचाही मोडताना जिवावर येतं. पण खरं सांगायचं तर मी माळ्यावरून गणपतीचं मखर काढत होतो.

गणपतीला दहा-अकरा दिवस उरले की आमच्या हिला मखर आठवतं. सोसायटीची अॅल्युमिनियमची शिडी आणली. दुसऱ्या पायरीवर उभा राहिलो, उजव्या हाताने माळ्याची कड धरली, डाव्या हाताने खोकं पुढे ओढलं आणि शिडी सरकली. आता अशा वेळी शहाणा माणूस काय करील? हात सोडील. जमीन दोन फुटांवर होती. पण मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला हात सोडणं शिकवलेलंच नसतं. बसचा दांडा, लोकलची कडी, रेशनच्या रांगेतला नंबर, चाळीतली भाड्याची खोली, जे हाताला लागलं ते सोडायचं नाही, या एका तत्त्वावर हे शहर उभं आहे. तेव्हा पाय गेले, हात राहिला आणि या दोघांच्या भांडणात मधे सापडलेल्या खांद्याने राजीनामा दिला.

दुखणं कसं होतं याचं वर्णन करत नाही. ज्यांचा खांदा निखळला आहे त्यांना ते लागणार नाही आणि ज्यांचा निखळलेला नाही त्यांना खरं वाटणार नाही. आरशात पाहिलं तर गोल खांद्याच्या जागी चौकोनी कोपरा आला होता, आणि हात अंगापासून जरा दूर, रुसलेल्या जावयासारखा उभा होता. जवळ यायला तयार नाही, लांब जायलाही नाही.

मजल्यावर बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या काकू एरंडेल घेऊन आल्या. तळमजल्यावरचे निवृत्त ड्रिल मास्तर म्हणाले, "एक झटका देतो, जागच्या जागी बसेल!" आणि बाह्या सारू लागले. मी पलंगाच्या पलीकडे गेलो. ते अलीकडून आले. एका हाताचा मनुष्य पलंगाभोवती किती वेगाने पळू शकतो, हे आमच्या हिने त्या दिवशी प्रथमच पाहिलं. शेवटी तीच मधे पडली. "मास्तर, आत हाड मोडलंबिडलं असलं तर? आधी फोटो काढू दे," म्हणाली आणि टॅक्सी बोलवायला पाठवलं. ती शहाणी आहे हे मी एरवी मान्य करत नाही.

परळ हे इस्पितळांचं गाव आहे. १९२६ साली तिथं केईएम उघडलं, १९४१ साली टाटा. गिरण्यांची भोंग्यांची मुंबई गेली, पण दुखलंखुपलं की गिरगावापासून लालबागपर्यंतचा माणूस अजून परळचीच वाट धरतो. त्यातल्याच एका इस्पितळात आम्ही गेलो. कुठल्या ते सांगत नाही. सांगितलं तर त्या डॉक्टरीणबाईंच्या मागे उद्या सगळं दादर लागायचं. टॅक्सी दर नाक्यावर हंडीपाशी थांबत होती आणि रस्त्यातला एकेक खड्डा मी खांद्याने मोजत होतो.

कॅज्युअल्टीत गोविंदांची जत्रा होती. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे बनियन, छातीवर त्याच एका पुढाऱ्याचा हसरा फोटो. कुणाचा पाय, कुणाचं मनगट, कुणाचं कपाळ, आणि त्या सगळ्यांमध्ये पुढारी मात्र ठणठणीत. बाकावर माझ्या शेजारी लालबागचा एक पोरगा बसला होता. घोटा टम्म सुजलेला. त्याने माझा चौकोनी खांदा जाणकाराच्या नजरेने पाहिला.

"खांदा ना काका? कितवा थर?"

माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "दुसरा."

"या वयात!" तो म्हणाला आणि पलीकडच्याला सांगू लागला, "काका दुसऱ्या थराला होते." पलीकडच्याने पुढच्याला सांगितलं. दोन मिनिटांत मला बाकावर टेकायला जास्त जागा मिळाली, एकाने पाण्याची बाटली पुढे केली. आमच्या हिने तोंड उघडलं. मी तिच्याकडे असं पाहिलं, की लग्नानंतर प्रथमच ती काही न बोलता तोंड मिटून बसली.

मान मिळाला होता, पण पोटात गोळा होता. कारण निखळलेला खांदा कसा बसवतात, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या चौकात, १९६७ साली. जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर माणूस, त्याला धरायला चौघे, आणि तालमीतले उस्ताद शेजारी बसून काखेत टाच रोवून हात ओढताहेत. त्या माणसाने फोडलेली किंकाळी मला पुढे कित्येक वर्षं ऐकू येत असे. तो माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. आणि तो सतरंजीवर का पडला होता, ते मी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

केसपेपर झाला, एक इंजेक्शन झालं, एक्स-रे झाला. मोडलेलं काही नव्हतं. मग डॉक्टर आल्या. पंचविशी-सव्विशीची लहानखुरी पोर. आदल्या दिवसापासून ड्युटीवर असावी, डोळे तांबारलेले. मी तिच्या मनगटांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, ही काय ओढणार? इथं चार वॉर्डबॉय लागतील.

"काका, इथं हात लावलेला कळतो का?" दंडाच्या बाहेरच्या अंगाला, पोलिसांच्या बाहीवर बिल्ला असतो त्या जागी, त्यांनी बोट टेकवलं. तिथली नस दुखावली तर ती जागा बधिर होते म्हणे. कळत होतं. मनगटाची नाडी पाहिली. बोटं हलवून घेतली. "सकाळपासून काय खाल्लंय?"

"पोहे," मी म्हणालो.

"आणि दहीकाला. दोनदा," ही म्हणाली. मघाचा सूड.

"मग झोपेचं औषध आत्ता नको. भरल्या पोटी ते देताना जपावं लागतं. शिवाय ते दिलं की शेजारी एक माणूस नुसता तुमचा श्वास बघत बसवायचा, ऑक्सिजन लावायचा, पूर्ण जागे होईपर्यंत खाट अडवायची. आणि आज बाहेर रांग बघताय ना? दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलंच आहे. आधी तसंच बसवून बघू. नाही जमलं, तर झोपवू. जबरदस्ती करणार नाही."

"तसंच?" माझा आवाज जरा चिरकला. "शुद्धीवर? डॉक्टर, ओढताना धरायला माणसं तरी..."

"मी ओढणारच नाहीये, काका."

हे ऐकून मला धीर यायला हवा होता. पण ज्या कामाची आपण पन्नास वर्षं धास्ती घेतली, ते न करता कुणी फी नको म्हणालं तर संशय येतोच. त्यांनी मला सरळ पाठीच्या खुर्चीवर बसवलं, आपण समोर स्टूल घेतलं, आणि माझा हात अलगद अंगाशी आणून, कोपरात वाकवून, पंजा आपल्या खांद्यावर ठेवला. आता ही काही इस्पितळातली मुद्रा नव्हे. शाळेतून घरी येताना दोस्ताच्या खांद्यावर हात टाकतो, ती. मग त्या बोटांनी हळूहळू चोळू लागल्या. आधी मानेजवळ, मग खांद्यावर, मग दंडावर, पुन्हा मानेजवळ.

"तुमचा खांदा म्हणजे लिंबू-चमचा आहे," त्या सांगत होत्या. "लिंबू मोठं, चमचा उथळ. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत सगळ्यात जास्त निखळतो तोही हाच. आता लिंबू चमच्याच्या पुढच्या कडेवरून खाली उतरलंय, आणि भोवतीच्या स्नायूंनी घाबरून ते तिथंच आवळून धरलंय. मी ओढलं तर ते आणखी आवळणार. त्यांनी सोडलं तर ते आपणहून जागेवर जाणार. तुम्ही फक्त सैल सोडा."

सैल सोडा! माझ्या सात पिढ्यांत कुणी काही सैल सोडलेलं नाही. मी सैल सोडायचा इतका जोरदार प्रयत्न केला की कपाळावर घाम आला.

"काका, तुम्ही दात आवळलेत."

मी दात सोडले. मुठी आवळल्या.

"असं करा, काहीतरी बोला. दादरचेच का मूळचे?"

"गिरगाव."

"मग तुम्ही लहानपणी हंडीत असणार."

आणि काय झालं कुणास ठाऊक, जे आमच्या हिलाही कधी सांगितलं नव्हतं ते मी त्या परक्या पोरीला सांगू लागलो. मी नऊ वर्षांचा होतो, चाळीत सगळ्यात किडकिडीत. म्हणून चौथ्या थरावर मी. तिसऱ्यावर दादा, वय सतरा, चाळीच्या टीमचा फास्ट बोलर. त्याच्या खांद्यावर उभं राहायचं, तोल सावरेपर्यंत त्याने वर केलेला हात धरायचा आणि मग तो सोडून हंडीला हात घालायचा. एवढंच काम. मी उभा राहिलो. वर हंडी, खाली माणसांची डोकी. आणि दादाचा हात काही माझ्याने सोडवेना. तो खालून ओरडत होता, "सोड! सोड!" मी आणखी घट्ट धरला. थर हलला, मी मागे गेलो तो दादाच्या हाताला लोंबकळत. मला खालच्यांनी झेलला, ओरखडासुद्धा नाही. दादाचा खांदा निखळला.

"मग?" बाईंची बोटं दंडावर चालूच होती. "खांदे मागे घ्या, छाती पुढे. शाळेत 'सावधान' म्हटल्यावर घ्यायचा तशी."

मग काय, उस्तादांनी बसवला. पण तो पुन्हा निखळला. दिवाळीत आकाशकंदील लावताना. मग पावसाळ्यात छत्री झटकताना. दादाची बोलिंग संपली. पुढे तो अंपायर झाला. उजवा हात डोक्याच्या वर नेता येत नसे, म्हणून आमच्या मैदानावर सिक्सरची खूण एकाच हाताने होई. त्याची सगळे नक्कल करायचे. मीही करायचो. आणि कुणी विचारलं तर दादा सांगायचा, माझाच पाय सटकला. पन्नासावर वर्षं झाली, तेच सांगतो...

"काका," बाई म्हणाल्या, "बसला."

"कोण?"

"खांदा. मघाशीच. तुम्ही छत्री झटकत होता तेव्हा."

मी पाहिलं. चौकोन गेला होता, खांदा गोल झाला होता. ना किंकाळी, ना टक्क आवाज. नाटकात सगळे नायकाकडे बघत असताना मागच्या दाराने एखादं पात्र येऊन खुर्चीत बसावं तसा तो येऊन बसला होता. माझा पंजा अजून बाईंच्या खांद्यावर होता. तो काढून घ्यायचं माझ्या लक्षात येईना. त्यांनीच तो हलकेच उतरवून झोळीत घातला.

पुन्हा एक फोटो निघाला. तीन आठवडे हात गळ्यात, आठवड्याने दाखवायला या, असं ठरलं. "तुमच्या वयात पुन्हा निखळण्याची भीती कमी," बाई म्हणाल्या, "पण खांदा फिरवणारे स्नायू फाटलेले असू शकतात, ते तपासू. विशीच्या आत पहिल्यांदा निखळला की मात्र तो पुन्हा पुन्हा निखळतो. तुमच्या दादांना पुढे कुणी डॉक्टरांना दाखवलं नाही का?" मी काही बोललो नाही. दाखवलं नव्हतं. दाखवायचं तर कसा निखळला हे आधी सांगावं लागलं असतं.

तीन आठवडे डाव्या हाताने पानं उलटण्यापलीकडे काही उद्योग नव्हता. तेव्हा आपल्या आजाराची कुळकथा वाचून काढली. इजिप्तमध्ये इपुय नावाच्या शिल्पकाराच्या थडग्यात सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं एक चित्र आहे. त्यात एका कारागिराचा खांदा बसवताहेत असं दिसतं, आणि दुसऱ्याच्या पायावर हातोडा पडतो आहे. म्हणजे कॅज्युअल्टीची गर्दी तेव्हाही होती. आमच्या उस्तादांची ती काखेतली टाच थेट ग्रीसच्या हिप्पोक्रॅटिसची, अडीच हजार वर्षांची जुनी. उस्तादांनी हे नाव ऐकलं असतं तर कुठल्या आखाड्याचा म्हणून विचारलं असतं. हाच हिप्पोक्रॅटिस आणखी एक उपाय सांगतो: रोग्याची काख शिडीच्या पायरीवर अडकवून त्याला लोंबकळत ठेवायचं. शिडीवरून निखळवणारा मी, शिडीवर बसवणारे ते. आपल्या सुश्रुताने निखळण्याला 'संधिमुक्त' असं नाव दिलंय, सेवानिवृत्तासारखं, आणि त्याचे सहा प्रकार केलेत. खांदा निखळला तर काखेत मुसळ घालून तो वर उचलावा, असा त्याचा उपाय. मुसळ हिप्पोक्रॅटिसकडेही आहेच. शाळेत आम्हाला 'उखळीचा सांधा' शिकवला होता. उखळीत सांधा घातल्यावर मुसळाला भिऊन चालत नाही, हे मास्तरांनी तेव्हा सांगितलं नव्हतं.

पुढे जोर जरा कमी झाला. १८७० साली स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोकर यांनी न ओढता हात ठरावीक रीतीने फिरवून खांदा बसवायची पद्धत छापली. त्यांना पुढे १९०९ साली नोबेल मिळालं, पण ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या कामाबद्दल. खांद्याला कुणी विचारत नाही ही तिथलीही रीत. आणि बाईंनी जे केलं, ते नील कनिंगहॅम या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००३ साली लिहिलेलं. औषधाशिवाय, नुसतं बसवून, चोळून, बोलून. ते प्रत्येकाला लागू पडतं असं नाही. स्नायू ऐकेनात तर झोपवावंच लागतं. पण टाच, शिडी, मुसळ इतकं सगळं होऊन गेल्यावर माणसाला समोर बसवून 'सैल सोडा' म्हणायचं कुणाच्या तरी मनात आलं, हे मला मोठं वाटलं.

चौथ्या दिवशी डोंबिवलीहून दादा आला. पंचाहत्तरीचा, पण चाल अजून बोलरची. दारातच म्हणाला, "कितवा थर?"

"दुसरा."

"प्रगती नाही. नवव्या वर्षी चौथ्यावर होतास."

चहा झाला. मग मी धीर केला. इतकी वर्षं झाली, आता खांदाही एकेक झाला. म्हटलं, "दादा, तेव्हा तू 'सोड, सोड' म्हणत होतास. मी सोडला असता तर..."

दादाने कप खाली ठेवला. "मी? 'सोड' म्हणत होतो? अरे, 'सोडू नको, सोडू नको' म्हणून घसा कोरडा केला मी. हललेल्या थरावरून नऊ वर्षांचं पोर हात सोडून गेलं असतं तर आईने मला घरात घेतलं असतं का? ढोलाच्या आवाजात तू अर्धंच ऐकलंस."

हे खरं, की त्याने त्याच क्षणी चहाच्या कपात बघून तयार केलं, मला अजून कळलेलं नाही. विचारलंही नाही. फक्त मानेपासून दंडापर्यंत काहीतरी सैल झालं एवढं खरं. आणि ते उजव्या बाजूला नव्हतं.

"पण मग दादा, निदान डॉक्टरांना तरी..."

"ते राहू दे. मखर कुठाय?"

मखर माळ्यावरच होतं. पुढे आलेलं, अर्धं बाहेर.

"शिडी आण," दादा उठत म्हणाला, आणि एका हाताने सिक्सरची खूण करून माळ्याकडे बोट दाखवलं.

"खबरदार!" स्वयंपाकघरातून अशी गर्जना आली की शेजारच्या काकू पुन्हा एरंडेल घेऊन दारात हजर झाल्या. शेवटी वरच्या मजल्यावरचा पोरगा आला, शिडीशिवाय खिडकीच्या कठड्यावर पाय देऊन चढला, अर्ध्या मिनिटात खोकं खाली दिलं आणि दोन्ही हात सोडून टुणकन उडी मारून निघून गेला.

आम्ही दोघे भाऊ आपापला खांदा धरून बघत राहिलो.